गळतं तिथं फुटलेलं नसतं

आदल्या संध्याकाळी वळीव झोडपून गेला होता. कसबा बावड्यातल्या आमच्या आजोळच्या घराच्या माळ्यावर ओल आली होती आणि तिच्यावरून खाली सोप्यात वाद पेटला होता.

घर शंभरी ओलांडलेलं. खाली सोपा, माजघर, मागं परडं. वर माडी, माडीवर फळ्यांचा माळा आणि माळ्यावर मंगलोरी कौलांचं छप्पर. मामा हाडाचे सुतार. सत्तरी ओलांडली तरी दर वैशाखात स्वतः वर चढून शेकारणी करायचे. गुडघे गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, छपराला माणसाचा हात लागलेला नाही. पुण्यातला मामेभाऊ, आमचा दादा, म्हणतो, कौलं उतरवा आणि स्लॅब टाका, नाहीतर निदान पत्रा. माझी थोरली बहीण जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. तिचं म्हणणं, आधी छपराची रीतसर तपासणी करू, मग काय ते ठरवू. मामांना यातलं काहीच पटत नव्हतं. मी बॅटरी धरायला होतो. त्या दिवशीचं बोलणं आठवेल तसं लिहितो आहे.

मामा: सर्वेला माणसं येणार म्हणून मी दारात खुर्ची टाकून बसलो, तर आलीस तू एकटी. सर्वे म्हटलं की मला पूर आठवतो. २०१९ ला सर्वे झाला, २०२१ ला झाला. फोटो काढले, टेप लावली, सही घेतली आणि गेले. भिंत तिथंच, ओल तिथंच.

ताई: तो पंचनामा, मामा. किती नुकसान झालं ते मोजायचा. मी बघणार ते वेगळं. काय बिघडलंय, कशानं बिघडलंय आणि कशाला हात लावायचा नाही.

मामा: हात लावायचा न्हाई? मग बघायचं तरी कशाला?

ताई: तेच तर मोठं काम आहे. छप्पर पावसानं जेवढं जात नाही, तेवढं चुकीच्या दुरुस्तीनं जातं. अंबाबाईचंच देऊळ बघा. छत गळतंय म्हणून वर कोब्यावर कोबा चढत गेला. शेवटी गळतीपेक्षा त्या कोब्याच्या ओझ्याची काळजी लागली आणि अलीकडं तो उतरवावा लागला. प्रत्येक पिढीनं मनापासून दुरुस्तीच केली होती की.

मामा: देवळाचं दगडाचं काम. आमचं कौलारू. त्यात काय अवघड हाय?

ताई: मग दादाच्या स्लॅबचा हिशेब मांडू. एका चौरस मीटरला मंगलोरी कौलं किती?

मामा: आम्ही फुटात बोलतो बाई. शंभर फुटाला दीडशे धरायची, फूट-तूट धरून.

ताई: म्हणजे मीटरला पंधराच्या आसपास. एक कौल अडीच किलोचं धरलं तर चाळीस किलोच्या आत बसलं. चार इंची स्लॅब तेवढ्याच जागेला अडीचशे किलो. सहा पट ओझं, आणि तेही मातीत लावलेल्या कच्च्या विटांच्या भिंतीवर.

मामा: स्लॅब न्हाईच. ते मी पण त्याला सांगितलंय. पत्र्याचं काय म्हणतीस? हलका हाय.

ताई: हलका आहे म्हणून वाऱ्यानं उचलतोही. शिवाय पत्र्याला घाम येतो. गोठ्यात बघितलंय ना तुम्ही? पहाटे आतल्या अंगानं थेंब लोंबत असतात. कौलांच्या फटींतून वारं खेळतं, रात्री भिजलेलं लाकूड दुपारपर्यंत सुकतं. तो वारा बंद केला की वासे आतल्या आत घाम पीत बसतात.

मामा: घाम येतो हे खरं. मग मी काय वेगळं सांगायलोय? दोन पोरं लाव, शेकारणी करून घे, मिटलं. तुझ्या तपासणीचे पैसे कौलांवर घाल.

ताई: शेकारणीत तुम्ही नक्की काय करायचा?

माझ्या मते हा प्रश्न ताईनं मुद्दाम विचारला. मामा खुर्चीत सरळ झाले.

मामा: वर चढताना पाय कुठं टाकायचा हे आधी कळाय पाहिजे. कौलाच्या मधोमध पाय टाकला की कौल गेलं. खाली जिथं वासा हाय तिथंच पाय. मग आढ्यापासनं खाली एकेक ओळ उतरवायची. प्रत्येक कौल हातात घ्यायचं, बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणकन वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर. डोळ्याला दिसत न्हाई ती चीर कानाला कळती. मग शेवाळ खरवडायचं, पालापाचोळा झाडायचा, मऊ पडलेली रीप बदलायची, आणि कौल परत जाग्यावर. ही तपासणी न्हाई तर काय हाय? दर साली व्हायची. कागूद न्हाई, फोटो न्हाई.

ताई: ही उत्तम तपासणी आहे. माझ्याकडचं एकही यंत्र ती टिचकी मारू शकत नाही. पण माझ्या तीन शंका आहेत. एक, आता वर कोण चढणार?

मामा: मिळतील की पोरं.

ताई: पाय वाशावर टाकायचा हे ठाऊक असलेली? दोन, शेकारणीत कौल दिसतं, रीप दिसते, वाशाची पाठ दिसते. पण वाशाचं टोक भिंतीत गेलेलं असतं. लाकूड कुजतं ते तिथं, कारण तिथं ऊन नाही, वारं नाही. ते कोण बघतं?

मामा: आणि तिसरी?

ताई: तिसरी जरा झोंबेल. ज्याला काम मिळणार, त्यानंच काम किती आहे हे सांगायचं?

मामा: म्हंजे आम्ही चोर व्हय?

ताई: तुम्ही घरचे आहात. पण उद्या ठेकेदार येईल, वर न चढताच मान हलवेल आणि सगळं लाकूड गेलंय म्हणेल. तो साग उतरवून नेईल, आपण वर लोखंडी पाइप बसवू. म्हणून तपासणारा वेगळा आणि दुरुस्ती करणारा वेगळा असावा. तपासणाऱ्याचा फायदा लाकूड बदलण्यात नसावा, लाकूड ठेवण्यातही नसावा.

मामा काही बोलले नाहीत. जुन्या सागाचा भाव त्यांच्याइतका कुणाला ठाऊक?

मग ताईनं पिशवीतून ड्रोन काढला, अडीचशे ग्रॅमच्या आतला. मामा म्हणाले, हा लग्नात असतो, नवरा-नवरीच्या डोक्यावर. ड्रोन घरघरत वर गेला. मामा काठी टेकत रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटला आणि आढ्याच्या रेषेत बघितलं.

मामा: आढं मावळतीच्या अंगाला बसलंय. दोन बोटं असेल.

ताई: माझ्याही फोटोत तेवढंच दिसतंय.

मामा: मग उडवलंस कशाला?

ताई: हे बघा. आढ्यावरचं एक कौल उचललं गेलंय आणि त्याखालून पिंपळाचं रोप आलंय. रस्त्यावरून दिसत नाही, मागच्या अंगाला आहे.

मामांनी फोन डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला. तीन वर्षं वर न गेल्याचं त्यांना त्या चार पानांवरून कळलं असावं.

मामा: पिंपळ मुळासकट काढाय लागतो. नुसता छाटला तर दुप्पट फोफावतो. पण तुझ्या ह्या भुंग्याला कौलाला टिचकी मारता येती का? वाशात दाभण खुपसता येतं का?

ताई: नाही येत. म्हणून तर आता माळ्यावर जायचंय.

शिडी लावून आम्ही माळ्यावर चढलो. मामा नको म्हटलं तरी चार पायऱ्या चढून डोकं वर काढून उभे राहिले. ताईनं मला बॅटरी विझवायला सांगितली. अंधाराला डोळे सरावले तशी छपरात चांदण्यांसारखी भोकं दिसायला लागली. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येऊ शकतं, म्हणून ती भोकं आधी मोजायची. मग बॅटरी लावून वाशांखालच्या फळ्या बघायच्या. भुंग्याच्या भोकाखाली पिठासारखा ताजा भुसा पडलेला असला तर किडा अजून आत आहे. भोक आहे पण भुसा नाही, तर तो कधीच निघून गेला. वाळवीची मातीची नळी बोटानं मोडून ठेवायची. चार दिवसांत परत जोडली गेली तर वाळवी जिवंत.

उगवतीच्या पाख्याखाली ताईनं ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया एका वाशात टोचल्या. आकडा २६ आला. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशी धरते, असं ती म्हणाली. शेजारच्या दोन वाशांतही तसाच आकडा. पलीकडं कोपऱ्यात ॲल्युमिनियमचं एक भगुलं होतं, निम्मं पाण्यानं भरलेलं. ताईनं त्याचा फोटो काढला आणि हातातल्या नकाशावर तिथं लाल टिंब दिलं. वाशांना क्रमांक टाकून झाले होते. सहा, सात, आठ यांना तिनं लाल केलं.

मामा: थांब. दाभण खुपस.

ताई: किती जोरात?

मामा: चपलेला टाका घालतीस तेवढ्या जोरात. जातंय का?

ताई: नाही. टोकसुद्धा जात नाही.

मामा: मग लाल कशाला केलंस? सागवान हाय ते. काल संध्याकाळी भिजलं, आज ओलं लागणारच. ओलं झालं म्हंजे कुजलं व्हय? माणूस भिजला की लगेच न्युमोनिया होतो का?

ताई: बरोबर आहे. यंत्र ओल सांगतं, कुज सांगत नाही. परत येऊन मोजायला हवं. आठ दिवस ऊन पडूनही आकडा उतरला नाही, तर काळजी.

मामा: बघ. दाभणाला पाच रुपये पडत्यात.

ताई: पण तुमचं दाभण काय म्हणालं ते तीस वर्षांनी कुणाला कळणार? तुम्ही दर साली चढलात. कुठली रीप कधी बदलली, कुठल्या वाशाला कधी जोड दिला, सगळं तुमच्या डोक्यात. डोक्यातलं घर डोक्याबरोबर जातं, मामा. म्हणून लिहायचं.

मामा: लाकडाला लिहिलेलं लागत न्हाई.

ताई: मग हे काय आहे?

तिनं बॅटरी तुळईच्या बगलेवर तिरकी धरली. सरळ उजेडात काही दिसत नव्हतं, तिरक्या उजेडात छिन्नीचे घाव उठून दिसले. दोन उभे, एक आडवा. शेजारच्या वाशावर तसेच दोन उभे, एक आडवा. मामांनी हात लांब करून त्यांवरून अंगठा फिरवला.

मामा: ही खूण हाय. सगळं लाकूड आधी खाली अंगणात जुळवायचं, सांधे बसवायचे, खुणा मारायच्या, मग उसकटून वर न्यायचं. ह्याचा जोडीदार तो. उगवतीकडनं तिसरी जोडी. आमच्या आज्याच्या हातचं असणार.

ताई: म्हणजे आजोबा लाकडावर लिहीत होते. मी फक्त वहीत लिहितेय.

मामा हसले, पण मान्य केलं असं वाटू न देता.

मामा: हुशार हाईस. मग हे वाच. कौलाच्या पाठीवर छापच हाय, १८६५. आमच्या वडिलांनी आम्हाला सांगितलं, घर १८६५ चं.

ताई: छाप बासेल मिशनचा आहे. त्यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ ला. जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन कारागीर मिशनऱ्यानं. एकात एक अडकणारं कौल ही मूळची फ्रान्सची युक्ती, तिथल्या जिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची. ती नेत्रावतीच्या मातीत उतरली आणि तिचं मंगलोरी कौल झालं. कारखान्याचं साल कौलावर छापायची पद्धत होती. ते काही कौल भाजल्याचं साल नव्हे, घर बांधल्याचं तर नव्हेच.

मामा: म्हंजे आमचं घर लहान झालं?

ताई: थोडं लहान, पण खरं झालं. कोल्हापूरला रेल्वेच आली १८९१ ला. आणि पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने ब्रिटिशांनी ताब्यात घेतले, पुढं ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडं गेले. म्हणजे हे कौल साधारण त्यामधल्या काळातलं. अशी कौलं फुटली नसतील तर एकही टाकायचं नाही. बदललेली नवी कौलं सगळी एका पाख्यावर घ्यायची आणि जुनी रस्त्याच्या अंगाला, असं सुद्धा करता येतं.

मामा: ह्याच बावड्यात शाहू महाराजांचा जन्म झाला, १८७४ ला, लक्ष्मी विलास पॅलेसमधी. त्या वास्तूची काळजी सरकार घेतं. आमच्या घरात कोण जन्मलं? सुतार. आमच्या वाशांचे नंबर टाकून कुणाला काय करायचंय?

ताई: तुमच्यासारख्या घरांचीच नोंद कुठं नसते, म्हणून. केशवराव भोसले नाट्यगृह आठवा.

मामा: ८ ऑगस्ट २०२४. नाव काढू नकोस. रात्रभर टीव्हीपुढं बसलो होतो. शाहू महाराजांचं पॅलेस थिएटर, १९१५ चं. छप्पर पेटलेलं बघवत नव्हतं.

ताई: दुसऱ्या दिवशी सगळ्या कोल्हापूरचं एकच म्हणणं होतं, होतं तसं उभं करा. होतं तसं म्हणजे कसं, हे जळून गेल्यावर मोजता येत नाही. उभं असताना मोजायला लागतं. पॅरिसचं नोत्र दाम चर्च १५ एप्रिल २०१९ ला जळालं, मध्ययुगातल्या ओकच्या लाकडाचं सगळं छप्पर गेलं. पण त्याआधी पाच वर्षं, २०१४ ला, रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतेसो या दोन वास्तुविशारदांनी त्यातलं लाकूड न् लाकूड मोजून ठेवलं होतं. त्या मापांवर सुतारांनी परत ओक तासले आणि डिसेंबर २०२४ ला चर्च उघडलं. मोजत होते तेव्हा आग लागणार हे कुणाला ठाऊक होतं?

मामा: सुतारांनीच केलं म्हणतीस?

ताई: सुतारांनीच. कुऱ्हाडीनं तासून.

मामा: मग हरकत न्हाई. पण पोरी, माझं एक ऐक. मोजून ठेवलं म्हंजे राखलं असं न्हाई. तुझा रिपोर्ट जाईल कपाटात, आणि पिंपळ वर वाढत राहील. मोजणारा एकदा येतो. घराला दर साली येणारा लागतो.

ताई: हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. हॉलंडमध्ये त्यावरच एक संस्था उभी आहे, मोन्युमेंतेनवाख्त, म्हणजे जुन्या वास्तूंचा पहारा. १९७३ पासून. सभासद घरमालकांकडं दर वर्षी दोन माणसं गाडीतून येतात, दोर लावून छपरावर चढतात, पन्हळीतला पाला काढतात, सरकलेलं कौल तिथल्या तिथं बसवतात आणि जाताना काय बघितलं ते लिहून देतात. मोठं काम निघालं तर ते स्वतः करत नाहीत, मालकानं दुसरा माणूस बघायचा.

मामा: म्हंजे आमचीच शेकारणी की! फक्त लिहून देत्यात.

ताई: फक्त लिहून देतात.

दोघंही एकाच वेळी गप्प झाले. बरोबरी झाल्यासारखं दिसत होतं. एवढ्यात मामी खालून चहा घेऊन आल्या. मामी अस्सल बावड्याच्या. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं अजून ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. शिडीच्या तळाशी उभं राहून त्यांनी वर बघितलं.

मामी: काय ठरलं? कुठं गळतंय म्हणं?

ताई: उगवतीच्या पाख्यात, मामी. तीन वासे ओले आहेत.

मामी: ते वळवानं. वळीव उगवतीकडनं आडवा येतो, तवा तिकडं शिंतोडं उडत्यात. ते काय गळणं न्हवं. घर गळतंय ते मावळतीला, जिन्याच्या डोक्यावर.

मामा: तिकडं? तिकडं मी दर साली बघत होतो. एक कौल हललेलं नसायचं.

मामी: तुम्ही मे महिन्यात वर, मी पावसात खाली. तुम्हांला कसं दिसंल?

ताईनं चहा फळीवर ठेवला आणि वहीचं नवं पान काढलं.

ताई: मामी, नीट सांगा. कधी, कुठं, किती?

मामी: मृगात कुठं गळत न्हाई. कौलं तापलेली असत्यात, पाणी पिऊन टाकत्यात. आर्द्रा लागली आणि मावळतीचं वारं सुटलं की जिन्याच्या तोंडाला पहिलं भगुलं. तरण्या पावसात त्याच्या शेजारी दुसरं आणि भिंतीच्या कडंला पितळी परात. म्हातारा लागला की देव्हाऱ्याच्या अंगाला आणि दोन. वारं न्हाई आणि नुसतीच धार हाय, तर एक थेंब न्हाई. मघात थांबतं. हस्ताचा पाऊस परत उगवतीकडनं, तवा इकडं एक तपेली. मांडून मांडून सहा भांडी. चाळीस वर्षं ठेवतोय मी.

ताई: चाळीस वर्षं? तेवढीच?

मामी: आधी दोनच लागायची. पुरानंतर वाढली.

पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा पाऊस म्हणतात, हे ताईनं कंसात लिहून घेतलं. तिच्या कचेरीतल्या मुलांना कळावं म्हणून. मग आम्ही दोघं मावळतीच्या कोपऱ्यात सरकलो. इथं वासे मागच्या भिंतीत शिरत होते. वर बघितलं तर कौलं धड, उजेडाचं एक भोक नाही. ओल मोजली तर सतरा. यंत्राच्या मतानं सगळं ठीक होतं. मेमध्ये ते ठीकच असणार.

मामांनी शिडीवरून हात पुढं केला, दाभण मागून घेतलं आणि वाशाला भिंतीच्या अगदी लगत, गिलावा जिथं लाकडाला भिडतो तिथं, टेकवलं. जोर लावल्यासारखं दिसलंच नाही. दाभण मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला तपकिरी भुगा चिकटला होता, तपकिरीच्या डबीतल्यासारखा.

बराच वेळ कुणी बोललं नाही.

मामा: हा गिलावा मीच करून घेतलाय. २०१९ च्या पुरानंतर.

ताई: सिमेंटचा?

मामा: सिमेंटचाच. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका, त्या साली पाणी ५५ च्या वर गेलं. परड्यातनं आत आलं. मागची भिंत छातीएवढी भिजली. आधी मातीचा गिलावा होता, वर चुन्याचा हात. तो सगळा सुटला. सगळे म्हणाले सिमेंट मारा, पक्कं होईल. मी म्हटलं मारायचंच तर खालपासनं वरपर्यंत मारू. वाशाच्या टोकाभोवती बोटानं दाबून भरलं मी. सांद राहू नये म्हणून.

ताई: आणि पाणी आत येत होतं ते इथून नाहीच. मघाचा फोटो बघा. पिंपळानं उचललेलं आढ्याचं कौल याच वाशाच्या डोक्यावर आहे. मावळतीचं वारं पाऊस पाख्यावरून वर ढकलतं, तो त्या फटीत शिरतो, वाशाच्या पाठीवरून आठ-दहा फूट खाली वाहत येतो आणि भिंतीला अडतो. आधी मातीच्या भिंतीनं ते पाणी पिऊन वाऱ्याला दिलं असतं. आता सिमेंटनं कोंडलंय. वासा त्यातच उभा आहे, सहा पावसाळे.

मामा: म्हंजे गळतं इथं, फुटलंय तिथं, आणि कुजवलं मी.

ताई: आढं दोन बोटं बसलंय तेही त्यामुळंच असेल. वाशाचं टोक दबलं की आढं त्याच्या मागं येतं. भिंतही पुरात थोडी खचली असेल. ओळंबा लावून बघू. आणि मामा, माझंही ऐका. मामी आल्या नसत्या तर मी तीन चांगले वासे लाल करून आणि हा कुजलेला वासा हिरवा करून गेले असते. सही-शिक्क्यासकट. मे महिन्यातली तपासणी वळवाचंच सांगते.

मामा: मग आता काय करायचं, बोल.

यापुढं वाद नव्हता, याद्या होत्या. ताईनं त्या तीन केल्या. मृगाच्या आधी काय करायचं: पिंपळ मुळासकट काढणं, आढ्याचं ते कौल बसवणं, कुजलेल्या वाशाखाली तात्पुरता टेकू देणं. दिवाळीनंतर काय करायचं: वाशांच्या टोकांभोवतीचं सिमेंट हलक्या हातानं काढणं, तिथं चुन्याचं काम करून वारं लागेल एवढी सांद ठेवणं, आणि सगळा वासा न बदलता कुजलेलं टोक कापून त्याला सागाचाच जोड देणं. जोडाचा सांधा कसा घालायचा हे मामांनी हवेत बोटं फिरवून दाखवलं; ताईनं त्याचं चित्र काढलं आणि त्यांना दोनदा दुरुस्त करायला लावलं. तिसरी यादी सगळ्यांत लांब होती, कशाला हात लावायचा नाही याची. उगवतीचे तीन वासे, छापाची कौलं, खुणांच्या तुळया, आणि खाली अजून टिकून असलेला मातीचा गिलावा. शेकारणीला दोन पोरं बोलवायची, मामांनी अंगणात खुर्ची टाकून प्रत्येक कौलाची टिचकी ऐकायची. दर साली मृगाआधी कोण वर चढलं, काय दिसलं, हे एका वहीत लिहायचं, आणि ती वही माळ्यावरच खुंटीला टांगायची, कपाटात नाही.

मामा: आणि त्या वहीचं पहिलं पान?

ताई: पहिल्या पानावर मामींचा नकाशा. नक्षत्र, वारं, भांडं. मामी, सगळी भांडी आली ना? जिन्याची दोन, परात, देव्हाऱ्याची दोन, उगवतीची तपेली. सहा. आणि माळ्यावर कोपऱ्यात भरलेलं भगुलं आहे ते सातवं. त्याचं नक्षत्र कुठलं?

मामी: कुठलं भगुलं?

ताई: ते काय, ॲल्युमिनियमचं. निम्मं भरलंय. मी लाल टिंब दिलंय बघा.

मामी: ते पूस बाई. तिथं काय गळत न्हाई. मांजर व्यालंय माळ्यावर, तिला पाणी ठेवतोय मी.